पाठीवरचा चेंडू

मुक्ता, ऋषी,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, "आजी, तुझ्या शेजारच्या गॅलरीतल्या त्या काकांच्या पाठीला काय झालंय?" मी म्हटलं, काही झालेलं नाही, चेंडू आहे. तेवढ्यात नेट गेलं आणि पडद्यावर तुमचे चेहरे उघड्या तोंडाने गोठून राहिले. अर्धवट उत्तर देऊन ठेवणं मला आवडत नाही, म्हणून हे नीट लिहून काढते आहे.

ते बाळारामशेठ. आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतात. त्यांच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये, बनियनला मागून शिवलेल्या खिशात एक टेनिसचा चेंडू असतो. रात्री असतो, दुपारी असतो, कोथिंबीर आणायला जातानाही असतो. वरून शर्ट घातला की छोटंसं कुबड आल्यासारखं दिसतं. नवीन माणूस आधी दचकतो, मग सहानुभूतीने बघतो. शेठना दोन्हीचं काही वाटत नाही. कोणी विचारलंच, तर त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "मानूस नि पोपटीचं मडकं, कदी उतानं ठेवू नये."

पोपटी तुम्ही खाल्लेली नाही. थंडीत आमच्या भागात मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला भरतात, मडकं तोंड खाली करून ठेवतात आणि भोवती जाळ लावतात. ते उताणं ठेवलं तर सगळंच बिघडतं. माणसाचं काय बिघडतं, तिथेच येते आहे.

बाळारामशेठ मूळचे नेऱ्याचे. भात पिकवणारं घर. पुढे जमिनीला भाव आला, काही विकली, काही ठेवली, आणि मुलीचं लग्न झाल्यावर नवराबायको पनवेलच्या खांदा कॉलनीत आले. गाव सुटलं तरी सवय सुटली नाही. सकाळी गॅलरीत उभे राहून ते पूर्वेच्या डोंगराकडे बघतात. धुकं असेल तर ते विरेपर्यंत बघत राहतात. माझी शिस्त म्हणजे सहाला चहा, साडेसहाला पेपर. त्या पेपरच्या वरून मला त्यांचा चेंडू दिसतो आणि त्याच्या पलीकडे प्रबळगड.

चेंडू येण्याआधी शेठ प्रसिद्ध होते ते झोपेसाठी. सोसायटीच्या सभेत सचिवांनी "सभा सुरू झाली" असं म्हणायचा अवकाश, शेठची हनुवटी छातीला टेकलेली. सलूनमध्ये दाढीचा साबण लावलेल्या अवस्थेत झोपायचे. आमच्याकडे सत्यनारायणाला आले आणि पहिल्या अध्यायातच त्यांचा डोळा लागला. रात्रभर झोपूनही माणूस दिवसा इतका कसा झोपतो, याचं सगळ्यांना हसू यायचं. रात्रभर ते झोपतच नव्हते, हे तेव्हा कोणाला कळलं नव्हतं. त्यांनाही नाही.

मला मात्र थोडं कळायला हवं होतं. आमच्या झोपायच्या खोल्यांमध्ये एकच भिंत आहे आणि ती नावाचीच भिंत. पलीकडे कुकरची शिट्टी झाली की अलीकडे मी गॅस बंद करायला उठते. त्या भिंतीतून शेठचं घोरणं यायचं. घाट चढणाऱ्या एसटीसारखं चढत चढत जायचं, आणि अचानक थांबायचं. ते थांबणं विचित्र होतं. पलीकडे काहीच नाही. अंथरुणात मीही नकळत श्वास धरून ठेवायची. मग एक बारीकसा धप्प असा आवाज, आणि पाण्याबाहेर डोकं काढल्यासारखा शेठचा मोठा श्वास. एसटी पुन्हा सुरू.

तो धप्प म्हणजे हिराबाईंचं कोपर.

हिराबाई शेठच्या पत्नी. बारीक अंगाच्या, सावळ्या. लग्नातले धवले गातात. त्यांच्या समाजात हळद, मांडव, तेलवण, प्रत्येक विधीचं वेगळं गाणं असतं आणि ते म्हणायला धवलारीण लागते. हिराबाईंचा आवाज मोठा नाही, पण ताल असा पक्का, की शेजारी ढोल चुकला तरी त्या चुकत नाहीत. मी एकदा त्यांना म्हटलं, एवढ्या घोरण्यात तुम्हाला झोप कशी येते हो? त्या वालाच्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घोरन्याचं काय नाय ताई. थांबतं, त्याचं हाय."

मी ते वाक्य ऐकलं आणि सोडून दिलं. शेंगा चांगल्या कोवळ्या होत्या, त्याबद्दल काहीतरी बोलले.

मग सिग्नलचा प्रकार झाला. शेठ स्कूटरवरून बाजारात निघाले होते. लाल दिवा लागला म्हणून थांबले आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकून तिथेच झोपले. हिरवा लागला, पुन्हा लाल लागला. मागे हॉर्नचा कल्लोळ. शेवटी पोलिसाने हेल्मेटवर टकटक केली, तर शेठ आतून म्हणाले, "हिरे, उटतो गो, पाच मिनटं." सगळं पनवेल आठवडाभर हसलं. त्या दिवशी हिराबाई हसल्या नाहीत. संध्याकाळी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, ताई, तुम्हाला इंग्रजी येतं, तुम्ही यांच्याबरोबर डॉक्टरकडे चला.

डॉक्टर तरुण होते, पण घाई नव्हती त्यांना. घोरणं ऐकायला मिळेल का, असं त्यांनी विचारलं. मी घरी येऊन भिंतीला फोन टेकवला आणि रेकॉर्ड करून नेलं. ते ऐकताना त्यांनी थांबण्याच्या जागी बोट वर केलं, आणि आवाज परत येईपर्यंत ते खाली केलं नाही. मग शेठना एक रात्र वायरी लावून झोपवायचं ठरलं. कपाळाला, छातीला, पायाला, बोटाला. सकाळी शेठ बाहेर आले ते वैतागून. म्हणाले, बोअरची मोटर जोडतात तसं मला जोडलं होतं, आणि पाणी काही लागलं नाही.

पाणी लागलं होतं. त्या तपासणीत दिसलं की शेठ उताणे झोपले की त्यांचा श्वास पुन्हा पुन्हा बंद पडतो. मेंदू दर वेळी त्यांना गदागदा हलवून अर्धवट जागं करतो, आणि हे त्यांना सकाळी आठवतही नाही. पण ज्या वेळी ते कुशीवर होते, त्या वेळी श्वास जवळजवळ सुरळीत चालला होता. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. उताणं झोपलं की जीभ आणि टाळूचा मऊ भाग आपल्याच वजनाने मागे पडतो आणि हवेची वाट अडते. कुशीवर वळलं की ती वाट मोकळी राहते. हे सगळ्यांच्याच बाबतीत पुरत नाही, असंही त्यांनी दोनदा बजावलं. काहींचा श्वास कुठल्याही कुशीवर अडतो, त्यांना हवा देणारं मशीन लागतंच. शेठच्या बाबतीत आधी कूस सांभाळून बघू, पोट कमी करू, आणि पुन्हा तपासू.

परत येताना रिक्षात शेठनी ते सगळं आपल्या भाषेत लावून घेतलं. "म्हंजे बाई, जीभ म्हंजे म्हैस. उताना झोपलो का ती रस्त्यात मदीच बसते. कुशीवर झोपलो का कडेला सरते." शरीरशास्त्र इतक्या थोडक्यात मी कुठेही वाचलेलं नाही.

संध्याकाळची दारू बंद, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. शेठनी विचारलं होतं, हळदीला तरी? हळदीलासुद्धा नाही. तेव्हा शेठ माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "बाई, तुमी इंग्रजीत इचारून बगा. कदाचित हो बोलतील."

आता कुशीवर झोपायचं म्हणजे काय, झोपेत माणूस थोडाच स्वतःचा असतो? उताणं होताच टोचेल असं पाठीला काहीतरी बांधा, असं डॉक्टर म्हणाले होते. काय, ते आम्ही त्यांना नीट विचारायला हवं होतं. हिराबाईंनी पंच्यात नारळ बांधला. सकाळी नारळ पुढे आलेला आणि शेठ त्याला पोटाशी धरून उताणे. मग नारळ लहान बघून घेतला. तो टोचला, पण इतका, की शेठ कुठल्याच कुशीवर झोपेनात. शेवटी मी डॉक्टरांना फोन करून विचारलं आणि टेनिसचा चेंडू ठरला.

खिसा शिवायला शेठ जुन्या बाजारातल्या त्यांच्या नेहमीच्या शिंप्याकडे, इक्बालचाचांकडे गेले. चाचांनी बनियन उलटसुलट करून पाहिलं. म्हणाले, "शेठ, खिसा पुढं असतो. मागच्या खिशात तुमचा हात कसा पोचणार?"

"पोचू नये म्हनूनच," शेठ म्हणाले.

चाचांनी चष्मा वर केला, एक मोठा श्वास सोडला आणि "अल्ला मालिक" म्हणून कापड कापायला घेतलं. असे पुष्कळ बनियन शिवून झाले. रात्रीपुरते घाला की, असं मी सुचवलं होतं. शेठचं उत्तर होतं, झोप काय सांगून येतं काय?

चेंडू लागू पडला. सभेत शेठ जागे राहू लागले, याचा सचिवांना त्रासच झाला. चेहऱ्यावरची सूज उतरली. आणि मग, नव्याने बरा झालेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं, म्हणजे जगाला बरं करायला घेतलं. स्टेशनबाहेर रिक्षावाले मागच्या सीटवर पाय बाहेर काढून झोपतात, त्यांना हे कुशीवर वळवायचे. पुतणीला बघायला स्थळ आलं, तेव्हा मुलाचं शिक्षण, नोकरी सगळं बाजूला ठेवून शेठनी पहिला प्रश्न केला, "झोपता कसे?" मुलाकडच्यांना कांदेपोहे घशाखाली उतरेनात. पुतण्याच्या साखरपुड्यात जेवणं झाल्यावर मांडवात पुरुषमंडळी ओळीने आडवी झाली, तर शेठ या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेकाला, तव्यावरची भाकरी परतावी तसं परतत गेले. एका म्हाताऱ्याने डोळे न उघडता विचारलं, "कोन रं तो?" शेठ म्हणाले, "कोन नाय, झोपा."

प्राण्यांचा दाखला तर सतत. कुत्रा कुशीवर, बैल कुशीवर, मांजर तर गुंडाळूनच. उताणा झोपतो तो एक माणूस. एकदा सकाळी गॅलरीत उभ्या उभ्या मला म्हणाले, "तो बगा बाई, डोंगरपन कुशीवर झोपलाय." मी पेपरवरून वर पाहिलं. इतकी वर्षं तो प्रबळगड बघते आहे, पण खरंच, खांदा वर, कंबर खाली, पाय तिकडे माथेरानकडे लांबवलेले. तेव्हापासून मला तो तसाच दिसतो.

तुमचीही चौकशी होते. अभ्यासाची नाही. "पोरं कुशीवर झोपतात ना?" मी हो म्हणते. आता तुम्ही कसे झोपता ते मला कुठे माहीत आहे?

भिंत शांत झाली. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, समाधानाने मान हलवली, आणि चेंडू सोडू नका म्हणाले. सगळं आता छान व्हायला हवं होतं. पण हिराबाई उतरत चालल्या होत्या. डोळ्यांखाली काळं आलं. दूध उतू जाऊ लागलं. एकदा शेंगा सोलता सोलता टरफलं ताटात आणि दाणे कचऱ्यात टाकत बसल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "काय नाय, उनाचं असंल."

मग पुतण्याची हळद आली. नेऱ्याला मीही गेले होते. सकाळी नवऱ्या मुलाला पाटावर बसवलं, बायका भोवती बसल्या, हिराबाईंनी धवला उचलला. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीच्या मध्ये त्या थांबल्या. वाटलं, श्वास घेत असतील. पण त्या पुढे म्हणेनात. मांडीवरचा हात ताल धरून तसाच, मान ताठ, आणि डोळे मिटलेले. त्या झोपल्या होत्या.

बायकांत हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, "धवलारीन झोपली, आता नवरा बिनलग्नाचा ऱ्हातो." हिराबाई दचकून जाग्या झाल्या, ओळ शोधू लागल्या आणि त्यांना ती सापडेना. शेजारच्या बाईने ती पुढे नेली. हळदीचं ताट हातात घेऊन शेठ तिथेच उभे होते. आयुष्यभर ज्यांच्या झोपेला लोक हसले, ते त्या हसण्यात सामील झाले नाहीत.

दुपारी पुरुषमंडळी पुन्हा मांडवात उताणी पसरली. शेठनी कोणालाही परतलं नाही. ते हिराबाईंपाशी मांडवाच्या खांबाला टेकून बसले होते, मी पलीकडे खुर्चीवर. रात्री झोपत नाही काय गो, असं त्यांनी विचारलं. हिराबाईंनी आधी टाळलं. मग खाली बघत म्हणाल्या, "तुमी घोरता तवा मना कलतं, हायत म्हनून. आता आवाजच नाय. मग मी नाकाखाली हात धरून बगते."

"रातभर?"

"मग काय करू?"

वाऱ्याने मांडवाची झालर हलत होती. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "बाई, याचा चेंडू कुटं बांदायचा?"

डॉक्टरांना मी फोनवर विचारलं. ते म्हणाले, कानाला लागलेली सवय आहे, सुटेल हळूहळू. हळूहळू म्हणजे कधी, ते त्यांनाही सांगता येईना. त्याच सुमारास शेठनी माझ्याकडून ते घोरण्याचं रेकॉर्डिंग मागून घेतलं. कशाला हो, म्हटलं. म्हणाले, "आटवन म्हनून. मी कदी ऐकलंच नाय माजं." माणसाला कशाचा मोह पडेल सांगता येत नाही, असं मला वाटलं, आणि मी ते पाठवून दिलं.

आणि मग एका दुपारी भिंतीतून घोरणं आलं.

मी पडल्या पडल्या ऐकत होते. तेच चढत जाणं, तोच घाट. दुसऱ्या दिवशीही आलं, तिसऱ्याही. चेंडू काढून टाकला असणार यांनी. हिराबाईंना आवाज हवा म्हणून हा माणूस पुन्हा श्वास कोंडून घेणार, आणि एखाद्या दिवशी त्या कोपराला उशीर होणार. मी उठले, चष्मा घातला आणि चार शब्द सुनावायचेच असं ठरवून गेले. आमच्या मजल्यावर दुपारी दारं नुसती लोटलेली असतात.

आतल्या खोलीचा पडदा मी बाजूला केला. पंखा संथ फिरत होता. खिडकीला लावलेल्या जुन्या हिरव्या लुगड्यातून ऊन गाळून आत येत होतं आणि सगळी खोली तळ्याच्या तळाशी असल्यासारखी दिसत होती. शेठ डाव्या कुशीवर होते, पाठ माझ्याकडे. पाठीवर चेंडू जागच्या जागी. घोरणं चालू. त्यांच्या पलीकडे, त्यांच्याकडे तोंड करून हिराबाई गाढ झोपल्या होत्या. त्यांचा हात शेठच्या नाकाशी यायला निघाला होता, तो वाटेतच उशीवर पडला होता. बोटं उघडी.

माझी चाहूल लागून शेठनी मान वळवली. त्यांचे डोळे टक्क उघडे होते. घोरणं न थांबवता त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मी पडद्याशी तशीच उभी राहिले. शेठ घोरत होते, पण दर वेळी थोडं कमी. घाट उतरून एसटी लांब जावी, वळणामागे जावी, मग तिचा नुसता भास राहावा, तसं. शेवटी नुसता श्वास उरला. हिराबाई हलल्या नाहीत. शेठ उठले, चेंडूसकट दबकत बाहेर आले आणि स्वयंपाकघरात मला कुजबुजत म्हणाले, "एकदम बंद केलं का उटते. हलूहलू बंद करावं लागतं. तुमची टेप ऐकून शिकलो. थांबन्याची जागा तेवडी सोडली."

सुनावायला नेलेले चार शब्द मी तसेच परत आणले.

काही दिवसांनी हिराबाई माझ्याकडे वाल घेऊन आल्या. डोळ्यांखालचं काळं गेलं होतं. पुढच्या लग्नाचा धवला त्या गुणगुणत होत्या, ओळ न तुटता. मी अर्थातच काही बोलले नाही. सोलता सोलता त्याच म्हणाल्या, "ताई, ते दुपारचं घोरनं खोटं हाय."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"तालात घोरतात. खरं घोरनं कदी तालात असतं काय? मना नाय कलनार?"

मी म्हटलं, अहो, मग ते ऐकून तुम्हाला झोप कशी लागते?

हिराबाईंनी एक शेंग दोन्ही अंगठ्यांनी उघडली. "खोटं घोरतात म्हंजे ते जागं हायत ना," त्या म्हणाल्या. "एवडी वर्सं मी जागले. आता कोन जागं हाय म्हंटल्यावर मना झोप येतं." मग दाणे ताटात, टरफलं बाजूला, बरोबर जागच्या जागी टाकत म्हणाल्या, "त्यांना सांगू नका. लय मेहनत घेतात."

हे लिहिते आहे तेव्हा दुपारच आहे. म्हणजे तिकडे तुमची पहाट, तुम्ही दोघं झोपेत. डोंगर उन्हात पुसट झाला आहे, कुशीवर आहे एवढंच कळतं. भिंतीपलीकडून आत्ता आत्तापर्यंत घोरणं येत होतं, तालात. लांब गेलं, वळणामागे गेलं, आता काहीच ऐकू येत नाही. पूर्वी अशा वेळी मी श्वास धरून बसायची. आता बसत नाही. पेन ठेवते, चष्मा काढते, आणि तुमच्या बाजूला तोंड करून कुशीवर वळते.